टाकीतला दादाभाऊ

बोरी बुद्रुकच्या दादाभाऊविषयी लोक मला वाट्टेल ते विचारतात. तो नेव्हीत होता का? समुद्रातून मोती काढायचा का? त्यानं देवमासा पाहिला का? परवा एका गिऱ्हाइकानं तर माझ्याच दुकानात उभं राहून, माझ्याच चहाचा घोट घेत छातीठोकपणे सांगितलं की दादाभाऊ पाणबुडी चालवायचा. मी म्हटलं, मग मला कशाला विचारता राव, तुम्हाला तर सगळंच ठाऊक आहे. ते गृहस्थ जरा नाराज झाले. होऊ देत. दादाभाऊचं आयुष्य मी जवळून पाहिलंय, आणि त्याच्यावर कोणी भलतंसलतं चढवलं की माझं डोकं फिरतं.

मी इब्राहिम. वारूळवाडीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी लोक माझ्याकडे आणून टाकतात आणि मी त्यांची तांब्याची तार नव्यानं भरून देतो. दादाभाऊ आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. शाळा संपल्यावर मी अब्बांच्या हाताखाली या दुकानात आलो आणि दादाभाऊ विहिरीत गेला.

विहिरीत गेला म्हणजे खरंच गेला. पावसाळ्यात विहिरी अचानक भरायच्या आणि काठाखाली बसवलेल्या मोटरी पाण्यात बुडायच्या. त्या काढायला दादाभाऊसारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. छातीशी मोठा दगड धरून तो तळाला जायचा, चाचपून मोटरीला दोर बांधायचा, दगड सोडायचा आणि वर यायचा. सगळं एका दमात. काठावर उभी असलेली माणसं पाण्याकडे बघत असायची आणि एकाएकी त्याचं डोकं वर यायचं, केस झटकत, हसत. पाण्यात गेलेला माणूस काम झालं की वर येतो, यायला काही वेळ लागत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत होतं. पुढं जो घोळ झाला तो याच माहितीनं झाला.

दादाभाऊ धनगराचा. त्याचे वडील यमाजी आबा वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला असायचे. एकुलत्या एका मुलानं कळप सोडून पाण्यात शिरावं हे त्यांना फारसं पटलेलं नव्हतं. पण त्याच्या आईनं, तानूबाईनं, त्याला कधी अडवलं नाही. "बाप रानात, ल्योक पाण्यात, म्या एकलीच जमिनीवर," असं म्हणून ती हसायची. माझ्या आईची, ताजबीची, ती मैत्रीण. बाजाराच्या दिवशी दोघी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून अख्ख्या तालुक्याचा समाचार घ्यायच्या.

मग एक वर्ष आमच्या भागातल्या एका धरणाच्या दारापुढची लोखंडी जाळी गाळानं आणि ओंडक्यांनी तुंबली. ती साफ करायला मुंबईहून पाणबुडे आले. त्यांना दोर धरायला माणूस हवा होता, मी दादाभाऊचं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी त्यानं दोर धरला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाला ताप आला, तर हा त्याचा मुखवटा चढवून खाली गेला आणि कामच करून आला. त्या लोकांनी जाताना ओंडक्यांबरोबर याला पण उचलला. मुंबईत शिक्षण झालं, परीक्षा झाली, आणि काही वर्षांनी आमचा विहिरीतला दादाभाऊ बॉम्बे हायच्या समुद्रात तेलाच्या पाइपलाइनी जोडायला लागला.

आता हे काम कसं चालतं ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विहिरीत एका दमात जाऊन येणं वेगळं. खोल पाण्यात तासन्‌तास राहायचं तर तिथल्या दाबाचीच हवा श्वासात घ्यावी लागते, आणि ती हळूहळू रक्तामासात मुरते. असा माणूस एकदम वर आला तर मुरलेली हवा अंगातच बुडबुडे धरते. माणूस लुळा होतो, नाहीतर मरतो. म्हणून त्याला फार सावकाश वर आणावं लागतं. रोज खाली जायचं आणि रोज इतक्या सावकाश वर यायचं तर काम कधी करायचं? यावर युक्ती निघाली ती अशी. जहाजाच्या डेकवरच लोखंडाची एक मोठी टाकी असते. तिच्यात समुद्रतळाइतकाच दाब ठेवतात. पाणबुडे त्या टाकीत राहतात, जेवतात, झोपतात. कामाच्या वेळी टाकीला जोडलेल्या एका बंद पिंजऱ्यात बसून तळाला जातात आणि त्यातूनच परत टाकीत येतात. तीन-चार आठवडे असंच. दाब उतरवायचा तो शेवटी एकदाच, आणि तेवढ्यालाच चार दिवस लागतात. याला सॅच्युरेशन डायव्हिंग म्हणतात. दादाभाऊच्या बायकोला, आशाला, हे एका झटक्यात कळलं होतं. ती म्हणाली, "गोधडी भिजली की भिजली. घटकाभर पाण्यात ठेवा न्हाईतर दिवसभर, वाळायला तेवढाच येळ."

मला वाटायचं हे सगळं समुद्रात सुरू झालं असेल. दादाभाऊ म्हणाला, नाही. अमेरिकन नौदलाच्या डॉक्टरांनी आधी जनावरांवर आणि मग माणसांवर प्रयोग करून पाहिले, पण धंदा म्हणून असं पहिलं काम झालं ते साठच्या दशकात, तिकडच्या एका धरणात. धरणाच्या जाळ्या बदलायचं काम. हे सांगताना त्याला इतका आनंद व्हायचा की जणू तो स्वतःच तिथं होता. "बघ इब्राहिम, त्यांनी बी सुरवात जाळीपासूनच केली."

पुढं युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रात तेल सापडलं आणि या टाक्यांना बरकत आली. सुरवातीला कसलीही जहाजं घेतली. मासेमारीची, माल वाहायची, जे मिळेल ते, आणि त्यावर टाकी ठोकून बसवली. दादाभाऊचं पहिलं जहाज त्यातलंच, तिकडे म्हातारं होऊन आमच्याकडे आलेलं. पाऊस आला की छपरातून गळायचं. चार बाजूंना चार नांगर टाकून ते जागेवर धरायचे. खाली माणूस काम करतोय आणि वर नांगर सरकला तर जहाज त्याला नाळेसकट ओढत नेणार. त्याला गरम पाणी आणि श्वास पुरवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला दादाभाऊ नाळच म्हणायचा. एकदा नांगर सरकलाही होता. त्याबद्दल तो जास्त बोलत नाही.

नंतरची जहाजं नांगर टाकत नाहीत. कॉम्प्युटर जहाजाखालचे पंखे फिरवतो आणि जहाज वाऱ्यापाण्यात एका जागी उभं राहतं. पिंजरा बाजूनं न सोडता जहाजाच्या मधोमध ठेवलेल्या भोकातून खाली सोडतात. दादाभाऊ त्या भोकाला विहीर म्हणायचा, आणि हळूहळू सगळं जहाज, केरळी, गोरे, फिलिपिनो, सगळे त्याला विहीर म्हणायला लागले. ही गोष्ट खरी आहे का हे मी पडताळलेलं नाही, पण मला ती आवडते. शेवटच्या जहाजावर तर जीव वाचवायची वेगळी होडी होती, तिच्यातही टाकीइतकाच दाब. जहाज बुडायला लागलं तर बाकीचे उडी मारतील, टाकीतल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ती होडी. हे सुचायला कितीतरी वर्षं आणि काही माणसांचे जीव जावे लागले, असं तो म्हणाला.

आणि पाणबुड्याही होत्या, पण त्या लढाईच्या नव्हेत. सत्तरच्या दशकात तिकडे छोट्या पाणबुड्या निघाल्या होत्या, पुढं चालवणारा आणि मागच्या खोलीत दाबातला पाणबुडा. तळावर पोचलं की मागचं दार उघडून तो बाहेर. त्या फार वर्षं टिकल्या नाहीत. दादाभाऊनं एक पाहिली ती परदेशातल्या एका गोदीत, सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली, आत मांजर व्यालेलं. तेव्हा त्याला पाणबुडीचा ड्रायव्हर म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की पाणबुडीशी त्याचा संबंध त्या मांजरापेक्षाही कमी आला.

टाकीतल्या हवेत हेलियम नावाचा वायू असतो. त्यानं थंडी फार वाजते, जेवणाची चव जाते आणि आवाज बदकासारखा होतो. चव जाते म्हटल्यावर तानूबाईनं एका सुट्टीनंतर शेंगदाण्याच्या ठेच्याचा स्टीलचा डबा बरोबर दिला. झाकण घट्ट, वर कापड बांधलेलं. टाकीत जेवण पाठवायला दोन दारांची एक छोटी खिडकी असते. टाकीच्या बाहेर वर्गीस म्हणून एक केरळी माणूस बसायचा. आतल्यांची हवा, दाब, ऊब, जेवण सगळं त्याच्या हातात. तो म्हणाला, झाकण उघड. दादाभाऊ म्हणाला, आईनं बांधलंय, आत आल्यावर मीच सोडतो. डबा आत आला तो चेपून, म्हशीनं पाय दिल्यासारखा. बाहेरच्या हवेचा बंद डबा, आतल्या दाबानं चिरडला. ठेचा त्यांनी चमच्यानं खरवडून खाल्ला.

तो चेपलेला डबा त्यानं घरी आणला. तानूबाई आल्यागेल्याला तो दाखवायची. पण आबा पुढच्या खेपेला कळपाबरोबर निघाले तेव्हा त्यांची तंबाखू आणि चुन्याची डबी त्याच डब्यात होती. झाकण बसत नव्हतं तर फडकं बांधलं. मुलाचा अभिमान आबांनी उभ्या आयुष्यात दाखवला असेल तर तो एवढाच.

सोळा एक वर्षांपूर्वी तानूबाईचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या आणि माणसं बोलावून घ्या. तिचं एकच मागणं होतं, शेवटचं पाणी दादाच्या हातचं. मीच मुंबईच्या ऑफिसला फोन केला. जहाजावर निरोप गेला आणि वर्गीसनं त्याच घटकेला दादाभाऊला टाकीच्या वेगळ्या खोलीत घेऊन दाब उतरवायला सुरवात केली. पण चार दिवस म्हणजे चार दिवस. दादाभाऊ डेकवरच होता. जाड काचेच्या खिडकीतून त्याला आकाश दिसत होतं, हेलिकॉप्टर उतरायची जागा दिसत होती. त्यानं वर्गीसला विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या, मग काचेवर डोकं आपटून घेतलं. लुळा झालो तरी चालेल, मला सोड, असं म्हणाला. वर्गीस काचेपलीकडे खुर्ची टाकून बसून राहिला. पाळी संपली तरी उठला नाही. सोडलंही नाही.

इकडे बोरीत अंगणात माणसं जमलेली. जो येई तो विचारी, दादा कुठंय? बोटीवर. पाण्यात हाय का? न्हाई, बोटीवरच, टाकीत. मग येत का न्हाई? मी समजावून सांगितलं, आशानं गोधडीचं सांगितलं. एकानं हळूच म्हटलं, "विहिरीतनं तर असा वर यायचा, पापणी लवायच्या आत." आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

तिसऱ्या दिवशी जहाजावरून माझ्या मोबाईलवर फोन आला. बदकासारखा आवाज सरळ करणारं यंत्र त्यांच्याकडे असतं, पण ते त्या फोनला काही केल्या जोडता आलं नव्हतं. मी फोन तानूबाईच्या कानाला लावला. आतून चिरका, चिमटीत धरल्यासारखा आवाज आला, "आई, मी दादा. येतुया मी." तानूबाईनं डोळे उघडले आणि विचारलं, "कोन?" आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "कोन बोलतंय? दादाला दे." तोच आवाज म्हणाला, "आबा, मीच हाय." आबांनी फोन बंद केला. मी म्हटलं, आबा, तो गॅसचा आवाज आहे, तो दादाभाऊच होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीही त्या फसवणुकीत सामील होतो. मी बाहेर अंगणात जाऊन परत परत फोन लावला. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानूबाई गेली. पाणी आशानं घातलं. दादाभाऊ पोचला तोवर राख सावडून झाली होती.

दहाव्याला कुकडीच्या काठावर सगळे विधी उरकल्यावर आबा सगळ्यांसमोर बोलले. आवाज चढवला नाही. "आईशी बोलाया ज्यानं दुसरा मानूस उभा केला, त्याच्याशी मी बी दुसऱ्याच्याच तोंडानं बोलंन." मला वाटलं रागाच्या भरात बोलले, महिन्याभरात विसरतील. मी धनगराचा हट्ट पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून त्या घरात असं चाललं. दादाभाऊ समोर बसलेला असला तरी आबा म्हणायचे, "आशा, त्याला म्हनावं लाइट बिल भर." आशा म्हणायची, "अहो, लाइट बिल भरा." दादाभाऊ म्हणायचा, "सांग, भरलं." आशा म्हणायची, "आबा, भरलं." आशा माहेरी गेली की मुलगी प्रांजल हे काम करायची, आणि ती शाळेत गेली की कुत्र्याला उद्देशून बोलणं व्हायचं. पाहुण्यांना हसू यायचं. मलाही यायचं, खोटं कशाला सांगू. मात्र दादाभाऊला कधी आलं नाही. त्याला बाकी कशाची पर्वा नव्हती. बापानं एकदा आपल्याला नावानं हाक मारावी, आपल्याशी सरळ एक वाक्य बोलावं, एवढ्यासाठी तो झुरत होता. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडून फेस दाखवून त्यानं आबांना दाब समजावून पाहिला. आबा आशाला म्हणाले, "त्याला म्हनावं सोडा सांडू नगं."

मीही एक उपाय केला. नारायणगावच्या मंगल कार्यालयात फुगे भरणाऱ्याकडून हेलियमचा एक फुगा आणला, आबा दुकानात आले तेव्हा त्यातला एक घोट ओढला आणि बोललो. माझा आवाज अगदी तसाच चिरका निघाला. आबांनी ऐकलं. चेहरा पांढरा पडल्यासारखा मला वाटला. पण ते उठले, "पोरखेळ हाय," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

वर्षं गेली. दादाभाऊच्या खुब्याचं हाड झिजलं. दाबात राहणाऱ्यांना हा रोग होतो. त्याला समुद्र सोडावा लागला. तसंही समुद्रात आता माणसाचं काम कमी होत चाललंय. कॅमेरे आणि हात लावलेले यंत्रमानव दोरीनं खाली सोडतात, वर खुर्चीत बसून चालवतात. त्यांना टाकी लागत नाही, चार दिवस लागत नाहीत. मी विचारलं, राग नाही येत? तो म्हणाला, "राग कशाचा? बरंच हाय की. त्या यंत्राला घरून फोन येत न्हाई."

आता तो बोरीतच असतो. द्राक्षाची थोडी बाग आहे, काठी घेऊन फिरतो. आबांनी ऐंशी ओलांडली. मोठा कळप गेला, पण थोडी मेंढरं त्यांनी ठेवली आहेत. पुतण्या सोमाजी ती फिरवतो आणि आबा उन्हाळ्यातही त्याच्यामागं जातात. दम लागतो. डॉक्टरांनी फिरू नका म्हणून सांगितलंय. गेल्या वर्षी दादाभाऊ मला म्हणाला, "आबा आता असंच जातील, इब्राहिम. आशाला सांगून जातील, मी निघालो म्हनून."

या वर्षी मार्चमधली गोष्ट. त्यांच्या विहिरीची मोटर भरून झाली होती, ती टेम्पोत टाकून मी दुपारी बोरीला निघालो. गावाच्या अलीकडं रस्त्याकडेला एका शेतकऱ्याचा लसूणघासाच्या चाऱ्याचा तुकडा होता. नांगरून टाकायचा होता, म्हणून त्यानं तो मेंढरांना मोकळा केला होता. सोमाजी आणि आबा कळप घेऊन तिथंच आलेले. मेंढरं कित्येक दिवस वाळक्या रानातून आलेली, पोटं खपाटीला गेलेली, आणि समोर गुडघाभर हिरवागार घास. मेंढरं नुसती ओरडत होती. आणि आबा बांधावर दोन्ही हातांत काठी आडवी धरून उभे. एक मेंढी काठीखालून घुसली, तिला त्यांनी शिंगाला धरून मागं ओढलं. त्या वयात, त्या उन्हात.

मी टेम्पो थांबवून उतरलो. म्हटलं, "आबा, सोडा की. मुकी जनावरं किती आरडतायत."

"आरडू दे," आबा म्हणाले. "उपाशी मेंढरू एकदम हिरव्यात सोडलं की त्याच्या पोटात वारं धरतं. फुगतं अन उभ्या जागी मरतं. आधी वाळका कडबा, मग वाईच घास, मग भाईर. परत वाईच. उद्या थोडं जास्ती. त्याला काय कळतंय? त्याला हिरवं दिसतं. त्याला वाटतं म्या वैरी हाय."

अल्लाची शपथ, माझ्या मनात तेव्हा फक्त टेम्पो उन्हात तापतोय एवढंच होतं. सोमाजीनं कडबा टाकला, मेंढरांनी तो नाइलाजानं खाल्ला. मग आबांनी काठी बाजूला केली, थोडा वेळ चरू दिलं आणि पुन्हा सगळ्यांना बाहेर काढलं. पुन्हा ओरडा. काठी आडवी धरूनच, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "दादाच्या म्होरं काठी कुनी धरली व्हती?"

मग मी सांगितलं. वर्गीस. काचेपलीकडं खुर्ची टाकून बसला होता. दादानं शिव्या दिल्या, डोकं आपटलं, तरी सोडलं नाही.

"डोस्कं आपटलं?"

"हो आबा. रक्त निघालं होतं."

आबांनी काठी सोमाजीच्या हातात दिली. "धर. दिवस कलेपतूर पुन्यांदा सोडू नगं," म्हणाले आणि टेम्पोत येऊन बसले. वाटेत एकदाच बोलले. "म्हंजी फोनवर बी त्योच व्हता." मी हो म्हटलं. त्यांनी तो चेपलेला डबा खिशातून काढला, तंबाखू काढायला असं मला वाटलं, पण नुसता हातात धरून बसले. कुकडीचा पूल येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघू नये, असं माझं मत आहे.

घरी दादाभाऊ ओट्यावर दुखरा पाय लांब करून बसला होता. आशा दारात कांदे निवडत होती. आबा टेम्पोतून उतरले, अंगणाच्या मध्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "दादा."

दादाभाऊनं सवयीनं आशाकडं पाहिलं. निरोप काय आहे ते ती सांगेल म्हणून वाट बघत राहिला. आशाच्या हातातला कांदा तसाच राहिला. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? तुमाला हाक मारलीय."

"दादा," आबा पुन्हा म्हणाले, "त्या दिशी फोन म्या बंद केला. हा इब्राहिम भाईर गेला, तवा तुजी आई डोळं झाकून म्हनली, दादाच व्हता त्यो. म्या म्हनलं, न्हाई. ती म्हनली, आवाज कसाबी असूंद्या, दादाच व्हता. मला वाटलं वाताच्या भरात बोलतीय."

दादाभाऊ काठीशिवायच उठला आणि ओट्याच्या कडेला धरून उभा राहिला. "काय म्हनली? आबा, परत सांगा."

"दादाच व्हता, म्हनली."